उकिडवे डॉक्टरांची कोल्ह्याची केस

आमच्या शेजारचे डॉक्टर उकिडवे कोणाच्याही घरी गेले की आधी यजमानांकडे बघत नसत, यजमानांच्या बुटांकडे बघत. दाराशी काढून ठेवलेले चालायचे बूट, जिन्याखाली कोंबलेला तंबू, कोपऱ्यात टेकवलेली क्रिकेटची बॅग, यातलं काहीही दिसलं की त्यांचा चेहरा गंभीर व्हायचा. ते वाकून ती वस्तू उचलायचे, उजेडात धरून उलटसुलट करून बघायचे आणि नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगावं तशा हलक्या आवाजात म्हणायचे, "दाखल करावं लागेल."

दाखल म्हणजे त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतली बाकीची माणसं शेडमध्ये लॉनमोअर ठेवतात, रंगाचे वाळलेले डबे ठेवतात, बायकोपासून लपवून सिगारेट ओढतात. डॉक्टरांनी तिथे वॉर्ड काढला होता. आडव्या दोऱ्या, त्यांना टांगलेले बूट, पॅड, ग्लोव्ह्ज, स्लीपिंग बॅगा, आणि प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपली की लोक त्यांच्या पाया पडायला नव्हे, आपल्या रकसॅकची चौकशी करायला जायचे. डॉक्टर सांगायचे, "रात्र बरी गेली. पण घाई नको. वास हे लक्षण आहे, आपल्याला मुळाशी जायचंय." एका रकसॅकच्या मुळाशी जाऊन कोणाला काय मिळणार होतं ते देव जाणे. पण एवढी मोठी प्रॅक्टिस मोडून काढायची कोणाची छाती नव्हती. आमची लेक एकदा शाळेतून आली ती रडतच. "आई, डॉक्टरकाकांनी माझे ट्रेनर्स बूट ॲडमिट केले. उद्या नेटबॉल आहे." मी म्हटलं, आता डिस्चार्ज मिळेपर्यंत अनवाणी खेळ.

बरं, हा माणूस काही रिकामटेकडा नव्हता. नोकरीत होते तोवर हॉस्पिटलात कान-नाक-घशाचे मोठे डॉक्टर होते. निम्म्या गावाच्या नाकात त्यांनी डोकावून पाहिलेलं. निवृत्त झाल्यावर बघायला नाकं उरली नाहीत, म्हणून बहुतेक नाकांना त्रास देणाऱ्या वस्तूंचा हा जुना सुट्टीतला छंद रोजचा झाला असावा, असा माझा अंदाज होता. माझे अंदाज साधारण चुकत नाहीत. हा चुकला.

वॉर्डात एक गंमत होती. एवढे मोठे स्पेशालिस्ट, पण डिस्चार्ज द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. तो सुधावहिनींचा. डॉक्टर धुतलेला बूट दोन्ही हातांवर घेऊन किचनच्या दाराशी यायचे आणि अदबीने उभे राहायचे. वहिनी हातातलं सोलाणं न सोडता मान पुढे करायच्या, एकदा श्वास घ्यायच्या आणि वासाचा निकाल द्यायच्या. "निघाला," म्हटलं की बूट सुटला. "आहे," म्हटलं की डॉक्टर निमूटपणे परत शेडमध्ये. अपील नाही. मी कुंपणाअलीकडून हे बघायची आणि शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगायची, बघ, बायकोच्या शब्दाला एवढी किंमत देणारा माणूसही या रस्त्यावर राहतो. शिरीष पेपर वर धरायचा.

डॉक्टर निवृत्त झाल्यापासून मात्र वहिनींचं नाक भलतंच कडक झालं होतं. पूर्वी एका धुण्यात सुटणारे बूट आता आठवडाभर अडकून पडायचे. "आहे अजून," वहिनी म्हणायच्या, आणि डॉक्टर उत्साहाने पुन्हा बादली भरायचे. मला वाटायचं, वयाबरोबर बाई किरकिरी होत चालली.

मग एका शरद ऋतूत सुधावहिनी गेल्या. फार आजारी वगैरे नव्हत्या. दुपारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने डबे दिले, सगळ्यांनी ठरलेली वाक्यं म्हटली, आणि हळूहळू जो तो आपापल्या कामाला लागला. डॉक्टर बागेत दिसेनासे झाले. शेडला कुलूप पडलं. खोटं कशाला बोलू, मंडळातल्या पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तंबू परत जिन्याखाली कोंबले.

त्याच हिवाळ्यात कोल्ह्याने घात केला. मंडळाची क्रिकेट टीम होती, म्हणजे अजूनही आहे, जिंकत नाही एवढंच. शिरीष तिचा कॅप्टन. टीमचं सामान मैदानाकडेच्या एका लाकडी खोपट्यात असायचं. तिथली एक फळी कुजली होती. ती बदलायची असं कमिटीने प्रत्येक मीटिंगमध्ये एकमताने ठरवलं होतं. कोल्ह्याला मीटिंगची गरज पडली नाही. तो आत शिरला, किटबॅगवर त्याने बिछाना केला, आणि ही जागा माझी असं जाहीर करायला कोल्हे जे करतात ते त्याने प्रत्येक पॅडवर मनापासून केलं. मार्चमध्ये खोपटं उघडलं तेव्हा आमचा विकेटकीपर बाहेर येऊन गवतावर आडवा झाला. शिरीषने बॅग गाडीतून घरी आणली. त्यानंतर ती गाडी आम्ही उन्हाळ्यापर्यंत खिडक्या उघड्या ठेवून चालवली, पावसातसुद्धा.

कमिटीचं म्हणणं, सगळं स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाका. तेवढ्यात डॉक्टर उकिडवे आमच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, कार्डिगनची बटणं खालीवर लागलेली. बातमी कशी लागली कोण जाणे. बॅगेपासून आम्ही सगळे दहा पावलं लांब उभे, आणि हे सरळ तिच्यावर वाकले. पॅड उजेडात धरलं. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत जरा चमक दिसली. म्हणाले, "दाखल करावं लागेल." नाही म्हणायची हिंमत कोणालाच झाली नाही.

मग सुरू झाले उपचार. डॉक्टरांचा पुतण्या न्यू जर्सीत. त्याने फोनवर सांगितलं की तिकडे स्कंक नावाचा प्राणी असतो, तो अंगावर फवारा मारतो, आणि त्यावर उतारा म्हणजे टोमॅटोच्या रसात बुडवणं. कोल्हा आणि स्कंक यांचं नातं काय, हे विचारायच्या भानगडीत डॉक्टर पडले नाहीत. त्यांनी टोमॅटोचे डबे खोक्यांनी आणले आणि जुना बाथटब बागेत ओढून त्यात सात जोड्या पॅड शिजत घातले. संध्याकाळी कोल्ह्याच्या वासात टोमॅटोच्या साराचा वास मिसळला आणि पलीकडच्या मिसेस हॅरिसने आपल्या खिडक्या लावून घेतल्या.

टोमॅटो हरल्यावर डॉक्टर आपल्या परंपरेकडे वळले. दिवाळीच्या उटण्याने माणूस सुगंधी होतो, तर पॅड का होणार नाही? बेसन आणि भरपूर हळद कालवून त्यांनी सगळ्या पॅडना, ग्लोव्ह्जना आणि शिरीषच्या पांढऱ्या पँटलाही साग्रसंगीत अभ्यंग घातलं. आणि त्यावरून धुण्याची पावडर टाकून गरम पाणी ओतलं.

आता हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, हे आमच्याकडे फ्रॉकमधल्या मुलीलाही ठाऊक असतं. वहिनी असत्या तर नुसत्या डोळ्यांनी त्यांना जागच्या जागी थांबवलं असतं. पण वहिनी नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी पडदा सरकवला तर दोरीवर सात जोड्या पॅड कुंकवात बुडवल्यासारखे लाल लटकत होते, आणि खाली डॉक्टर पुन्हा बादली भरत होते.

ते धुतच राहिले. एप्रिल गेला. पहिली मॅच रविवारवर आली, तरी डिस्चार्ज नाही. शिरीषने फोन केला तर म्हणाले, "अजून खात्री नाही." पोस्टमन सांगत होता की डॉक्टर त्याला पॅड हुंगायला लावतात. दूधवाला बिचारा आता बाटल्या गेटपाशीच ठेवून पळायचा. कमिटीतल्या एकाने सरळ म्हटलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, जाऊन उचलून आणा. हे उचलून आणायचं काम माझ्यावर आलं, कारण आमच्या घरात अवघड कामं मीच करते आणि कॅप्टन शिरीष असतो.

मी मागच्या दाराने गेले. डॉक्टर किचनच्या उंबऱ्यात उभे होते, हातात पॅड. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी ते पुढे केलं. मी वास घेतला. कोल्हा नव्हता, टोमॅटो नव्हता, हळदही नव्हती. स्वच्छ साबणाचा वास होता, आणि तो बरेच दिवसांपासून तसाच असणार. पण त्याच वेळी दुसराच एक वास नाकात शिरला.

"डॉक्टर, काहीतरी करपतंय," मी म्हटलं.

ते दचकले. वळून आधी त्यांनी टोस्टरकडे पाहिलं. मग वॉशिंग मशीनकडे. मग बागेकडे. वरणाचं पातेलं त्यांच्या मागे हातभर अंतरावर शेगडीवर जळत होतं. झाकण होतं म्हणून धूर दिसत नव्हता, पण वास असा की कुंपणापलीकडे जावा. मी पुढे होऊन गॅस बंद केला. सिंकमध्ये आणखी दोन पातेली होती, तळ काळे झालेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या वर्षांत या माणसाला एकही वस्तू नाकाशी नेताना मी पाहिलं नव्हतं. उजेडात धरायचे, उलटसुलट करायचे, बघायचे.

ते खुर्चीवर बसले आणि आपणहून सांगू लागले. पुण्याला कॉलेजात असताना सायकलवरून पडले, डोकं आपटलं, आणि वास गेला तो कायमचा. याच लाइनला आले ते त्यासाठीच. वाटलं, शिकता शिकता आपल्याच नाकाचं काहीतरी सापडेल. सापडलं नाही. आणि नाकाच्या डॉक्टरला स्वतःलाच वास येत नाही, हे पेशंटना कुठल्या तोंडाने सांगणार? फक्त सुधाला माहीत होतं. दूध उतू चाललंय, पाऊस येतोय, शेजारी गवत कापलंय, सगळं तीच सांगायची.

"ती निघाला म्हणायची, मग मी थांबायचो," ते म्हणाले. "आता थांबायचं कधी, ते कळत नाही गं वैशाली."

मला या माणसाची, त्याच्या चिठ्ठ्यांची, त्या वॉर्डाची फार फार माया आली. मी ते पॅड परत हातात घेतलं, वहिनींसारखी मान पुढे केली, एक श्वास घेतला आणि म्हटलं, "निघाला."

त्यांनी डोळे मिटले. मग उठले आणि एकेक पॅड शांतपणे दोरीवरून उतरवलं.

रविवारी आमची टीम लाल पॅड बांधून उतरली. समोरच्या टीमच्या म्हाताऱ्या अंपायरने अत्यंत नम्रपणे शिरीषला विचारलं की हा काही धार्मिक प्रकार आहे का. शिरीष म्हणाला, हो. त्यावर त्यांचा फास्ट बोलर आमच्याशी फार आदराने वागला. आम्ही तरीही हरलोच. डॉक्टर बाउंड्रीवर खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक चौकाराला टाळ्या वाजवत होते, तो कोणत्या टीमने मारला हे न बघता.

पण सोमवारी शेड रिकामी होती. डॉक्टर बागेत नुसतेच उभे होते, हात पाठीमागे बांधून. मी दोन दिवस ते पाहिलं. शिरीषला सांगून मी त्यांच्या किचनमध्ये गॅसचा अलार्म बसवून घेतला, पण अलार्मशी माणूस बोलणार काय? तिसऱ्या दिवशी मी माझे चालायचे बूट घेतले. नवेच होते, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात एकदा नेलेले, तेही कोरड्या दिवशी. कुंपणावरून पुढे केले आणि तोंड वाकडं करून म्हटलं, "डॉक्टर, या बुटांचं काहीतरी बघा. घरात ठेवणं मुश्कील झालंय."

डॉक्टरांनी ते उजेडात धरले, उलटसुलट केले. चेहरा गंभीर झाला. "दाखल करावं लागेल," म्हणाले.

आठवड्याने ते कुंपणाशी आले, बूट दोन्ही हातांवर घेऊन, अदबीने. दाढी केलेली, कार्डिगनची बटणं सरळ. मी हातातलं सोलाणं न सोडता मान पुढे केली. बुटांना साबणाचा वास होता, त्याखाली नव्या चामड्याचा, आणि त्याखाली काहीही नव्हतं.

"आहे अजून थोडा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी बूट पुन्हा एकदा उजेडात धरले, मग माझ्याकडे पाहिलं.

"मी रिटायर झाल्यावर सुधाही असंच म्हणायला लागली होती," ते म्हणाले, आणि बूट घेऊन शेडकडे बादली भरायला गेले.