डागाला इकामा नाही

जयराम शिगवणने माझं नाव विचारायच्या आधी माझा शर्ट काढून घेतला.

रियाधच्या अल मलाझ भागात आमच्या कंपनीने एक जुनी इमारत भाड्याने घेतली होती आणि तिच्या एकेका खोलीत सहा-सहा माणसं लोणच्याच्या फोडींसारखी मुरायला ठेवली होती. विमानतळावरून मी थेट तिथे पोचलो, तेव्हा माझ्या छातीवर विमानातली डाळ होती. दारात एक काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. शर्टाजवळ नाक आणलं आणि विचारलं, "डाळ. हळद बरीच आहे. कधी सांडली?"

"मस्कतच्या आसपास," मी म्हणालो.

"म्हणजे अजून व्हिजिट व्हिसावर आहे. काढ शर्ट."

सौदीत परदेशी माणसाचा जीव इकाम्यात असतो. इकामा म्हणजे राहायचा परवाना. तो असला तर तुम्ही माणूस, नसला तर पुढच्या विमानातलं सामान. शिगवणदादाने हा कायदा डागांना लावून टाकला होता. ताजा डाग हा व्हिजिट व्हिसावर आलेला पाहुणा. वेळेत गाठला तर मुकाट निघतो. पण त्याला गरम पाणी दाखवलंत, किंवा नीट निघायच्या आधी वरून इस्त्री फिरवलीत, की त्याच्या हातात इकामा पडला. मग तो त्या कापडावर घर बांधणार, पोरांची लग्नं करणार आणि कापड फाटेल तेव्हाच जाणार.

"आणि पाणी उलट्या बाजूने सोडायचं," माझा शर्ट नळाखाली पालथा धरून तो म्हणाला. "आला त्या रस्त्यानेच परत धाडायचा त्याला. पुढून घासत बसलास तर आत घुसतो मेला."

शर्ट असा निघाला की माझ्या आईने तो नवा समजून दिवाळीला ठेवून दिला असता. मी दादाचा भक्त झालो. नाव त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं आणि लगेच विसरून मला 'सातारकर' म्हणू लागला.

दादा मूळचा मंडणगडकडचा, पेशाने पाइप फिटर. रियाधमधल्या निम्म्या इमारतींच्या भिंतीत आपले पाइप आहेत असं तो सांगे. निम्म्या नसतील, पण तो सांगताना भिंतींनाही खरं वाटायचं. मी यायच्या आधी त्याच्या आतड्यात गाठ निघाली. इथल्याच एका हॉस्पिटलात ती कापली आणि पोटाला डाव्या बाजूला भोक ठेवून आतड्याचं तोंड तिथे आणून बसवलं. त्यावर एक पिशवी चिकटवलेली. जे आपल्याकडे खाली जातं ते त्याच्याकडे पिशवीत जायचं.

हे सगळं मला पहिल्याच संध्याकाळी कळलं, कारण खोलीत नवा माणूस आला की दादा त्याला भिंतीवर पेन्सिलीने नकाशा काढून दाखवी. "ही मेन लाइन. कायमची बंद. हा साइडचा आउटलेट. त्यावर फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, तिच्यावर पिशवी. डॉक्टर चांगला फिटर होता, पण मधली रबरी गॅस्केट कधीकधी दगा देते. तुझी खाट माझ्या शेजारी, म्हणून सांगून ठेवतो. काय अडचण?"

इतका सरळ प्रश्न विचारल्यावर अडचण असायची कोणाची टाप होती.

पिशवीचं नाव त्याने मुकादम ठेवलं होतं, कारण काम कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं हे ती ठरवायची. मुकादमाला आवाजही होता. एकदा साइटवरच्या इंजिनियरने आम्हाला भर उन्हात सुरक्षिततेवर भाषण दिलं. हेल्मेट, बूट, कंपनीला तुमची किती काळजी आहे वगैरे. काळजीवर पोचला आणि दादाच्या शर्टाआडून लांब, विचारपूर्वक असा आवाज आला. इंजिनियर थांबला.

"तुम्ही बोला साहेब," दादा म्हणाला. "मुकादमाला पटलं नाय, पण त्याचं काय एवढं मनावर घेऊ नका."

त्या दिवशी भाषण अर्ध्यावर संपलं आणि आम्हाला सावली मिळाली.

गॅस्केटने दगा दिला की खरा दादा बघायला मिळायचा. पहाटे जाग यावी तर हा खाटेवर उकिडवा बसून चादरीची पाहणी करतोय, जणू महानगरपालिकेची मुख्य वाहिनी फुटली आहे आणि सगळं शहर याच्यावर विसंबून आहे. आधी चमच्याने वरचं सगळं उचलायचं. मग थंड पाणी, मागच्या बाजूने. मग भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि जुना, केस मऊ झालेला टूथब्रश, तोही कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग पसरत नाही. मग पावडरच्या पाण्यात भिजत घालायचं आणि चहा प्यायचा. "भिजवणं हे काम आहे," तो म्हणे. "लोकांना वाटतं माणूस बसलाय." चिकटपट्टीचा डिंक कापडाला लागला तर आधी खोबरेल तेल, मग साबण. ब्लीचचा मात्र त्याला मनस्वी तिटकारा. "ब्लीच म्हणजे पोलीस बोलावणं. चोर जातो, पण घराची अब्रूही जाते."

शेवटचा मान रियाधच्या उन्हाचा. आमच्या गच्चीवरचं ऊन असं होतं की चादरीचं एक टोक चिमट्याला अडकवून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं, तोवर पहिलं टोक पापडासारखं वाजायचं. कबुतरंसुद्धा गच्चीवर बूट घालून उतरत असावीत. उरलेसुरले पिवळे डाग त्या उन्हात आपणहून खुरूज, म्हणजे देश सोडायचा कायमचा शिक्का, मागून घ्यायचे.

गादी वाचवायला मी त्याला नव्या एसीच्या खोक्यातलं जाड प्लास्टिक आणून दिलं होतं, मी एसीचा मेकॅनिक. ते गादीवर, त्यावर चादर. दादाने कूस बदलली की खोलीत कोणी कुरडया मोडतंय असं वाटायचं. नजीर, म्हणजे आमच्या खोलीतला श्रीवर्धनचा ड्रायव्हर, झोपेतच ओरडायचा, "दादा, तळून तरी घ्या."

हळूहळू दादाची कीर्ती पसरली. शुक्रवारी नमाजानंतर गच्चीवर रांग लागायची. ग्रीस, रंग, शाई, कॉफी. एकदा कंपनीचा एक सौदी साहेब डाळिंबाचा रस सांडलेला पांढरा शुभ्र थोब, म्हणजे इथला पायघोळ झगा, घेऊन स्वतः जिने चढून आला. दादाने दोन तास डागाशी बोलणी केली, थोब परत दिला, आणि साहेबाने तो उन्हाकडे धरून इतका वेळ पाहिला की त्यालाच शंका आली, रस खरंच सांडला होता ना.

दादाने सगळ्या खोलीला पांढऱ्या चादरी घ्यायला लावल्या होत्या. फुलाफुलांची चादर आणणाऱ्या नजीरचा त्याने भर बाजारात पाणउतारा केला. "नक्षी म्हणजे डागाला लपायला झाडी. दिसला तर धुशील ना, मेल्या?"

असा हा माणूस. आणि याचं एकच कोडं आम्हाला सुटत नव्हतं. ऑपरेशन झाल्यापासून तो गावी गेला नव्हता.

घरी त्याने कळवलं होतं, अपेंडिक्स काढलं. रजेचा विषय आला की सगळं खापर कफीलावर, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसा होते त्या मालकावर. फोनवर दादा बायकोला सांगायचा, "कफील सोडत नाय गं. पासपोर्ट दाबून बसलाय. दगड आहे दगड." बिचारा कफील मंडणगड तालुक्यात राक्षस म्हणून प्रसिद्ध झाला. वहिनींनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. आणि इकडे कफील घरच्या जिन्यावरून घसरला, त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. दादा चार दिवस नीट जेवला नाही.

खरी गोष्ट अशी की कफीलाने स्वतः माणूस पाठवून सांगितलं होतं, 'या म्हाताऱ्याला तिकीट द्या, घरी जाऊन येऊ दे.' तिकिटाचा माणूस खाली आला की दादा गच्चीवर, आणि गच्चीवर आला की दादा टाकीमागे. अख्ख्या सौदीत रजेसाठी माणसं मालकाचे पाय धरत होती, आणि आमचा दादा रजेपासून पळत होता.

मग नजीर रजेवर निघाला. त्याच्या गावाकडून खाडी ओलांडली की दादाचा तालुका. दादाने त्याच्याकडे घरासाठी एक गठ्ठा दिला. वजन करायला आम्ही तो उघडला, तर आत चादरी. एक काळपट तपकिरी, एक गडद निळी, एक तर तव्याच्या बुडासारखी, आणि सगळ्यांवर दाट, झाडोऱ्यासारखी नक्षी.

"दादा," मी म्हणालो, "ही झाडी कोणासाठी?"

मला वाटलं आता शिव्या बसतील. दादाने गठ्ठा पुन्हा बांधला. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "सातारकर, इथे मी फिटर आहे. तिथे नवरा आहे."

मी गठ्ठा काट्यावर ठेवला.

"तिची माहेरची कापसाची गादी आहे," तो म्हणाला. "त्यावर प्लास्टिक घालू? वाजेल ते. ती विचारेल काय वाजतंय. आधी चादरी जाऊ देत. सवय झाली घराला, की बघू."

नजीर गेला आणि महिन्याने परत आला. खोलीत शिरला तो अपराध्यासारखा, बगलेत गाठोडं. दादा तेव्हा कोणाच्या तरी कॉलरवर टूथब्रश चालवत होता.

"चादरी दिल्यास?"

"दिल्या. वहिनींनी उघडल्या नि विचारलं, कोण मेलंय?"

"मग?"

"मी बोललो, इथली फॅशन आहे. तर बोलल्या, आमच्या ह्यांना नि फॅशन? मग मला सोलकढी दिली. दुसरा पेला दिला. दादा, खरं सांगतो, दुसऱ्या पेल्यापर्यंत मी घट्ट होतो. तिसऱ्याबरोबर तळलेला बांगडा आला."

"काय बोललास तू?"

"सगळं. मुकादमापासून."

दादाने ब्रश खाली ठेवला. मला वाटलं आता नजीरला उलट्या बाजूने नळाखाली धरणार. पण त्याने कॉलरवरचा फेस अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, "ती काय बोलली?"

"काय नाय. उठून आत गेल्या. मग मशीनचा आवाज यायला लागला. शिवणाचं मशीन. मी निघेपर्यंत चालूच होतं." नजीरने गाठोडं पुढे केलं. "हे दिलंय. आणि विचारत होत्या, त्या कफीलाचा पाय कसा आहे."

गाठोड्यात दुपटी होती. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालतात तशी, जुन्या मऊ लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेली. फक्त ही मापाने वाढलेल्या माणसाच्या अंगाखाली मावतील एवढी. कडा दुमडून पक्क्या केलेल्या. सगळी पांढरी. दादाने एक दुपटं दोन्ही हातांनी खिडकीतल्या उन्हाकडे धरलं आणि पाइपचा जोड तपासावा तशी त्याची शिवण बोटाने चाचपत गेला. मध्येच थांबला, मिशी पुसली आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरू केलं.

त्या शुक्रवारी दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेलो असताना माझा मोबाइल वाजला. वहिनी होत्या; दादा स्वतःचा फोन उचलत नव्हता, म्हणून नजीरने माझा नंबर दिला असणार. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना द्या."

दादा चादरींच्या दोन रांगांमध्ये उभा राहून बोलू लागला. मी जिन्याकडे जायला हवं होतं. पण कपडे काढायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

"हां. मिळाली. टाके जरा लांब पडलेत." बराच वेळ ऐकलं. "नाय, चांगलीत म्हणतोय. चांगलीत."

मग: "अपेंडिक्सच होतं आधी, म्हणजे तसं नाय... हां. हां. खोटं बोललो."

मग एकदम त्याचा गच्चीवरचा आवाज: "गरम नको. गरम अजिबात नको, आधी थंड. मागल्या बाजूने सोडायचं. अगं माहीत आहे तू पोरांची धुतलीस, पण हे वेगळं आहे." पलीकडून काहीतरी आलं. "नाय, तेवढं काय वेगळं नाय."

तो दोरीवरच्या चादरीची कड सरळ करत होता. ती सरळच होती.

"वास येतो कधीकधी. आधी सांगतो तुला. आवाज पण. लोकांत झाला तर हसायचं नाय... बरं, हस."

मग पलीकडून कफीलाचा विषय निघाला असावा. वारा नव्हता, चादरी हलत नव्हत्या.

"कफील काय, सोडेल तो. सोडलेलंच आहे त्याने. पुढल्या महिन्यात येतो." थोडं थांबून त्याने आवाज खाली आणला. "पण एक ऐक. रात्री कधी सुटलं तर मी उठेन. तू उठायचं नाय. मला जमतं सगळं, इथे मीच करतो. तू नीज आपली." पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही, पण ते लांबलचक होतं. चादरीची कड त्याच्या मुठीत चुरगळून गेली होती.

"बरं," तो म्हणाला. "तू ऊठ."