मुजावरबाईंनी पुसलेली कमांड

तुमच्या टेबलावर टोपण नसलेलं पेन दिसलं, की मुजावरबाई ते उचलून सरळ कचऱ्याच्या टोपलीत टाकायच्या. तुम्ही त्या पेनानं लिहीत असलात तरी. "टोपण न्हाय म्हंजे वाळणार. वाळणार म्हंजे गेलंच की!"

कोल्हापुरातल्या एका रक्तपेढीत आम्ही बरोबर नोकरीला होतो. मी आत रक्ताचे गट तपासायचो, बाई बाहेर कार्यालय सांभाळायच्या. वय पन्नाशीचं आणि आवाज असा, की त्या नुसतं "या पावणं" म्हणाल्या तरी रक्त द्यायला आलेला पैलवान दचकायचा. कॅलेंडर नसलेला खिळा भिंतीत दिसला की पक्कड घेऊन उपटायच्या. एकदा आमचे डॉक्टरसाहेब आठवडाभर गावाला गेले. परत आले तर त्यांची खुर्ची रक्तदात्यांच्या खोलीत. "मोकळीच हुती," बाई म्हणाल्या.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अशा बाईंच्या टेबलावर संगणक आला. शिकवायला आलेला माणूस तीन दिवसांत परत गेला. त्यानं सांगितलेल्यापैकी बाईंना दोन गोष्टी मनापासून आवडल्या. एका शब्दानं मशिनीत काय काय आहे ते दिसायचं आणि दुसऱ्यानं ते पुसता यायचं. महिनाभर खपून त्यांनी सगळ्या रक्तदात्यांची नावं गटवार मशिनीत घातली आणि त्याच दिवशी जुनी रजिस्टरं रद्दीत दिली. "एका कामाला दोन कशाला?"

एका शुक्रवारी घरी जाण्यापूर्वी बाईंनी मशिनीची साफसफाई काढली. यादीत 'कमांड' नावाची फाइल दिसली. "ही आणि कुणाची? हितं कमांड डॉक्टरसायबांची, न्हायतर माझी," असं म्हणून त्यांनी ती पुसली. मी हसलो. खरं तर मला अडवायला हवं होतं, पण मलाही त्यातलं काही कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी मशिन सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. कमांड समजून घेणारा सापडत नाही, असा तिचा अर्थ. पुढं काही नाही. बाईंनी सगळी बटणं दाबून पाहिली, मशिनीच्या पाठीवर एक थापही मारली.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. गडहिंग्लजकडचा शेतकरी. हातात दवाखान्याची चिठ्ठी. बायको बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं, गट ओ निगेटिव्ह. आमच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकही बाटली नव्हती. आमच्या यादीत त्या गटाचे चार दाते होते आणि चौघांची नावं त्या बंद मशिनीत. बाईंना एक आठवला, पण तो नोकरीला गोव्याला गेलेला.

"बसा पावणं," बाई म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी पुण्याला मशिनीच्या कंपनीत फोन लावला. सुहास नावाचा इंजिनिअर फोनवर आला. लाइन इतकी खरखरत होती, की दोघंही ओरडून बोलत होते.

"काल काही डिलीट केलं होतं का?" त्यानं विचारलं.

डॉक्टरसाहेब शेजारीच उभे होते.

"व्हय. मीच पुसलं."

"हरकत नाही बाई. मशिनीबरोबर डॉसची फ्लॉपी, मशिन सुरू करायची चकती, आली असेल ना?"

तशा फ्लॉप्या दोन आल्या होत्या. एकीवर महिनाभर बाईंचा चहाचा कप टेकत होता. सुदैवानं दुसरी कपाटात होती. सुहासनं ती घालून मशिन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. घरघर झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. आता फ्लॉपीवरची ती 'कमांड' फाइल मशिनीत उतरवायची होती. तो एकेक अक्षर सांगायचा, बाई खात्री करून घ्यायच्या. "सी? चंदगडचा? बरं. ओ, वाटोळा. एम मुरगूडचा. परत मुरगूडच? आजऱ्याचा ए. नेसरीचा एन. डी दानोळीचा!"

फाइल उतरली. फ्लॉपी काढून मशिन पुन्हा चालू केलं, तर त्यानं आजची तारीख विचारली.

"सायेब, शुद्धीवर आलं!" बाई डॉक्टरसाहेबांकडे वळून ओरडल्या. "तारीख इचारतंय!"

पुढं पाच मिनिटांत चारही नावं कागदावर आली. त्यातला एक टायरच्या दुकानात काम करायचा. आमचा शिपाई त्याला सायकलवर डबलसीट घेऊन आला. दुपारी बाटली दवाखान्यात पोचली आणि त्या शेतकऱ्याची बायको वाचली.

त्या सकाळी फोन ठेवण्यापूर्वी मुजावरबाईंनी सुहासला विचारलं होतं, "जेवलास का?" तो म्हणाला, नाही, खोलीवर एकटाच असतो, पाव खाईन काहीतरी.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी मला बाई कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात दिसू लागल्या. त्यांचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी फोन करावा असं पुण्यात त्यांचं कुणी असल्याचं मला माहीत नव्हतं. एकदा जाताजाता कानावर आलं, "मशिनीचा आवाज जरा घोगरा येतोय रे. आणि काय, जेवलास का?"

मशिन ठणठणीत होतं. मी रोज बघत होतो.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका कचेरीच्या कामासाठी सुहास कोल्हापूरला आला आणि आमच्याकडे डोकावला. काडीसारखा पोरगा, जाड चष्मा. एरवी पैलवानाला दचकवणारी बाई नुसती पदराशी चाळा करत उभी.

"बाई, तो घोगरा आवाज कुठून येतो ते बघू," तो म्हणाला.

मी सांगणार होतो, की काही बिघाड नाही. पण त्यानं माझ्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवली. मग बॅगेतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि चांगलं चालणारं ते मशिन खोलून तासभर त्यात डोकं घालून बसला. बाईंनी घरून डबा आणला. तो जेवला, भात मागून घेतला, मशिन पुन्हा जोडलं.

"बरं केलंत सांगितलंत," निघताना तो म्हणाला. "पण हा आवाज परत येण्यासारखा आहे. दर शनिवारी कळवत जा."

"कळवीन की," बाई म्हणाल्या, आणि रिकामा डबा धुवायला आत गेल्या. बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं.