दात सांगेल

गुंजाळ सर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, तोंडात बघतात. नगरच्या सावेडीत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी मी हसून नमस्कार केला, तर म्हणाले, "सुपारी खाता. उजव्या दाढेनं." आमच्या ह्यांनासुद्धा पत्ता नव्हता हो!

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारे अजस्र सरडे काय खात होते, हा त्यांचा ध्यास. आता नगरला कुठला आलाय समुद्र? पण त्या दातांचे फोटो, प्लॅस्टरच्या प्रतिकृती मागवून सर दिवसभर भिंग लावून बसतात. मीही जाऊन बसते. मजा येते.

"बघा वहिनी, ह्याचं टोक झिजून बोथट झालंय. ह्यानं शंखशिंपले फोडले. आणि हा? टोक शाबूत. मऊमऊ गिळणारा."

"त्याला आवडत असेल."

"आवड न्हाई, पुरावा! त्यानं सांगायची गरज न्हाई. दात सांगेल!" सर रंगात आले की त्यांची खर्डा गावाकडची बोली बाहेर पडते.

सरांच्या पत्नी, काकू, वारल्यापासून सर एकटेच. पुण्याहून मुलीचा फोन आला की ऐटीत सांगतात, "आज हुलग्याची शेंगोळी केली. काल भाकरी-ठेचा." मुलगी निर्धास्त.

परवा गेले तर सर कवळी धूत होते. काकूंनी शेवटच्या महिन्यात मागे लागून करून घेतलेली, दोन वर्षांपूर्वीची. मी गंमत म्हणून तिच्यावर भिंग धरलं. दाढांची टोकं कालच दुकानातून आणल्यासारखी.

"सर, ह्या दातांनी भाकरी खाल्लेली नाही."

सर बोळक्या तोंडानं काहीतरी पुटपुटले. मग कवळी बसवली. "चहा-बिस्किट. एकट्यापुरतं कोण थापतं, वहिनी? पोरीला सांगू नका. नोकरी सोडून यील ती."

असा राग आला म्हणून सांगू! तशीच घरी गेले, भाकरी थापल्या, ठेचा वाटला, दोन ताटं घेऊन आले आणि समोर बसले. सर हळूहळू चावत राहिले. डोळे पुसत म्हणाले, "ठेचा तिखट हाय."

"असू दे. महिन्याभरानं भिंग लावून बघणार आहे मी."

"महिन्यात झीज दिसत न्हाई, वहिनी. वरीस तरी लागंल."

"लागू दे की," मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.