टाचण्यांमधलं "हं"

संचालकसाहेब, तुम्ही खोटं बोललात! भर कचेरीत, चष्मा पुसत पुसत मला म्हणालात, "काका, साठीनंतर कानाची दारं बंद होतात. नवे सूर आत शिरत नाहीत. घरी बसा, नातीचे फोटो बघा." आणि भाषेच्या वर्गातून मला वाटेला लावलंत!

अहो, मी नातीसाठीच आलो होतो. सूनबाई परदेशातली. तिच्या भाषेत सूर चार, आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. नातीचं नाव एका अक्षराचं. मी फोनवर हाक मारून घसा फोडतो आणि पोरगी आपली ठोकळे रचतेय! सून तेच नाव घेते, की मान गर्रकन वळते.

"बाबा, तुम्ही दुसरंच काहीतरी म्हणताय," लेक म्हणाला.

"तेच म्हणतोय!" मी ओरडलो. मला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं, त्याला मी काय करू?

म्हटलं, बघतोच! सूनबाईकडून चारही सूर फोनवर भरून घेतले. ऐक ऐक ऐकले. एका पोत्यातले बटाटे! आणि एका दुपारी, भांडी घासताना, हातातलं पातेलं तसंच राहिलं. अरे, हे तर आईचं "हं"!

आई शिवणकाम करायची. ओठांत कायम टाचण्या, मग बोलणार कशी? अख्खं घर तिने एका "हं"वर चालवलं. लांब, सरळ "हं" म्हणजे बोल, ऐकतेय. वर चढणारं म्हणजे काय म्हणालास? खाली बुडून वर येणारं म्हणजे अस्सं होय, लबाडा! आणि धाडकन आपटणारं म्हणजे पुरे! त्या शेवटच्याला आम्ही भावंडं पलंगाखाली. ही भाषा आम्हाला कुठल्या संस्थेने शिकवली होती? मशीन कधीचं थांबलं, साहेब, पण ते "हं" कानात अजून चालू आहे.

मग सराव करायचा तर अस्सल! आईचा टाचण्यांचा डबा काढला, चिमूटभर टाचण्या ओठांत धरल्या आणि लागलो सुरांना. तेवढ्यात बायको आली.

"अहो! तोंडात काय ते?"

"हं?" मी चढवलं.

"एखादी गिळलीत की काय?"

"हंऽऽ." म्हणजे बोल, ऐकतोय. तिने धरला होकार!

"अगं बाई! एकच ना?"

"हं!" म्हणजे पुरे. तिला वाटलं, मोजदाद पुरे, पुष्कळ गेल्या!

टाचण्या काढायला हात उचलला, तर तिने दोन्ही मनगटं पकडली. "हात लावू नका, आत जातील!" शेजारच्या वकिलाने गाडी काढली. वाटेत तो म्हणतो, "काका, शुद्धीवर आहात ना?" मी "हं" म्हणायचंच सोडून दिलं, तर तो रडायला लागला!

डॉक्टरने चिमट्याने टाचण्या उपटल्या आणि तरीही मला एक्स-रेच्या टेबलावर आडवं केलं. फोटोत पोटाच्या जागी एक टाचणी लख्ख! बायकोने भिंत धरली.

"शर्ट काढायला सांगितलं होतं ना?" डॉक्टर खेकसला. टाचणी शर्टाला टोचलेली होती!

तेवढ्यात लेकाचा फोन. पडद्यावर नात, पाठमोरी, ठोकळ्यांत. मी उघडाबंब, टेबलावर आडवा. नातीच्या नावाचा सूरही तोच, खाली बुडून वर येणारा. डोळे मिटले, आईच्या "अस्सं होय"ची वाट पकडली आणि त्या वाटेवर नातीचं नाव सोडलं.

पोरगी वळली! थेट माझ्याकडे बघून दोन दात दाखवून हसली.

"आज बरोबर म्हणालात, बाबा," सूनबाई म्हणाली. आणि खरं सांगू? मलाही आज पहिल्यांदाच फरक ऐकू आला. बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता तरी शर्ट घाला!"

तर साहेब, कुणाची दारं बंद आहेत? मला वर्गात घेता की नाही? उत्तर हवंय, आणि लेखीच हवंय. फोन करू नका. फोनवर मी फक्त "हं" म्हणेन, आणि ते चारांतलं कोणतं, हे तुम्हाला ऐकू यायचं नाही!