स्प्रिंगकाकांची धक्कारहित गाडी

माणसाला धक्के बसतात हे जगातलं पहिलं सत्य आहे, आणि ते बसू नयेत म्हणून त्याने केलेल्या खटपटीलाच पुढे संस्कृती हे नाव पडलं. खुर्चीला गादी, दाराला रबर, वाईट बातमीला प्रस्तावना आणि लग्नाला मध्यस्थ ही या खटपटीची ठळक उदाहरणं. (लग्नाच्या बाबतीत प्रयोग अजून चालू आहेत.) मात्र गो-कार्ट नावाच्या बुटक्या, उघड्या, चार चाकी गाडीकडे संस्कृतीचं अक्षम्य दुर्लक्ष झालं. गो-कार्टला सहसा स्प्रिंग नसते. बसणाऱ्याचा मणका हीच स्प्रिंग, असं धरून चालायची पद्धत आहे. ही पद्धत मोडून काढायचं चौथ्या गल्लीतल्या एका निवृत्त ड्राफ्ट्समनने मनावर घेतलं.

गल्ली त्यांना स्प्रिंगकाका म्हणे. मोटारींच्या कारखान्यात, सात नंबरच्या खोलीत बसून काकांनी एकतीस वर्षं स्प्रिंगांची ड्रॉइंग्ज काढली होती. फक्त स्प्रिंगांची. कारखान्याची शिस्तच तशी. पाच नंबरमध्ये दारं, सहामध्ये दिवे, सातमध्ये स्प्रिंगा. आठ नंबरशी आपलं काही देणंघेणं नाही. पुरा झालेला कागद भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे सरकवायचा, की यथावकाश दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर पडते, अशी सर्वांची श्रद्धा होती. काकांनी ती बाहेर पडताना कधी पाहिली नाही, कारण ते टोक वेगळ्या फाटकाला होतं आणि त्या फाटकाचा पास वेगळा होता.

नोकरीच्या अकराव्या वर्षी त्यांनी एकदाच धीर करून साहेबांना म्हटलं होतं, की दाराची बिजागरी बोटभर खाली घेतली तर दार कुरकुरणार नाही. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही स्प्रिंग बघा." पुढची वीस वर्षं काकांनी स्प्रिंग बघितली. निवृत्त झाल्यावरही ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही. आपण डोक्यापासून पायापर्यंत काढलेली एक तरी गाडी आपल्या डोळ्यांदेखत चालावी आणि साहेबांनी ती उभं राहून बघावी, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. तिच्यापायी त्यांचं जेवणात लक्ष नसे. हे काकूंना दिसत होतं, म्हणून त्यांनी गाडीला हरकत घेतली नाही आणि मागची पडवी रिकामी करून दिली.

कोणतंही काम एकट्याने केलं तर ते लवकर होतं आणि मग त्याची किंमत राहत नाही. त्यामुळे लगेच समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर (ते सर्वच समित्यांचे अध्यक्ष असल्याने त्यांना वेगळं विचारावं लागलं नाही). सदस्य म्हणून कोपऱ्यावरचा वेल्डर, उताराच्या टोकाचा लाँड्रीवाला आणि काकू. काकू निवृत्त नर्स. पस्तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत उभ्या राहिल्याने मोठ्या माणसांच्या गडबडीत एका बाजूला गप्प उभं राहायची त्यांना सवय होती. समितीने हा गुण त्यांच्या निवडीच्या वेळी खास लक्षात घेतला.

गाडीच्या सामानाची यादी पहिल्याच सभेत एकमताने मंजूर झाली. ती अशी: चौकोनी नळ्या, बावीस फूट. मोपेडचं जुनं इंजिन, एक. साखळी, एक. ढकलगाडीची चाकं, चार. स्टिअरिंग (पूर्वी शिलाई मशिनचं चाक), एक. पायाने दाबायचं पेडल, एक. दवाखान्यातल्या तिघांच्या बाकातून कापून काढलेली खुर्ची, एक. पेट्रोलची टाकी, एक. मागचं दिसायला आरसा, एक. हॉर्न, दोन. शॉकअप, आठ. स्प्रिंगा, सोळा. पाण्याचा पेला ठेवायची कडी, एक. हेडमास्तरांनी यादी दोनदा मोठ्याने वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि कशाचीही उणीव नाही असा शेरा मारून खाली सही केली.

एवढ्यात काकूंनी हात वर केला. "मला एक विचारायचंय."

"विषयपत्रिकेत आहे का वहिनी?" हेडमास्तरांनी प्रेमाने विचारलं.

"नाही."

"मग शेवटी, ऐनवेळच्या विषयांत घेऊ."

ऐनवेळचे विषय निघाले तेव्हा चहाची वेळ झाली होती. (चहा काकूच आणत असल्याने त्या वेळी त्या सभागृहात नव्हत्या. सबब, विचारायला कुणीच नाही अशी नोंद झाली.)

यानंतर गल्लीची पाहणी झाली. पाण्याच्या टाकीपासून लाँड्रीपर्यंत गल्ली दोनशे चाळीस पावलं आणि सगळी उताराची. तीत सतरा खड्डे, तीन गतिरोधक आणि एक गटाराचं झाकण (हे तीनदा बदललेलं आणि चारही वेळा वाकडं बसवलेलं) आढळलं. काकांनी गुडघ्यावर बसून प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजली आणि सतरा स्वतंत्र ड्रॉइंग्ज काढली. गल्लीतल्या खड्ड्यांकडे इतक्या आपुलकीने याआधी कुणी पाहिलं नव्हतं. नऊ नंबरचा खड्डा तर काकांना इतका आवडला, की त्याचं चित्र त्यांनी चौकटीत घालून पडवीत लावलं.

पहिल्या स्प्रिंगा मऊ निघाल्या. काका बसले आणि हळूहळू खाली जात जमिनीला टेकले. उठवायला दोन माणसं लागली. दुसऱ्या कडक निघाल्या. अध्यक्ष या नात्याने हेडमास्तर बसले आणि त्यांची कवळी अंगणात सापडली. तिसऱ्या स्प्रिंगा मात्र अशा जमल्या की वेल्डरसारखा वेल्डर, जो आयुष्यात कशाला चांगलं म्हणत नाही, तो बसला, दोनदा हलला आणि म्हणाला, "झोप येते हो काका." समितीने बेचाळीस जणांना बसवून मतं घेतली. सव्वीस जणांना आराम वाटला, नऊ जणांना झोप लागली, चौघांनी कंबर दुखायची राहिल्याचं सांगितलं. उरलेल्या तिघांचं मत कळू शकलं नाही, कारण ते उठायलाच तयार नव्हते.

दुसऱ्या सभेत काकूंनी पुन्हा हात वर केला. त्या दिवशी विषय सोळा होते, प्रत्येक स्प्रिंगेचा एक. अकराव्या स्प्रिंगेपाशी वादावादी झाली आणि सभा तहकूब करावी लागली.

तिसऱ्या सभेत त्यांना बोलायची संधी देण्यात आली. "गाडी समजा चालली," त्या म्हणाल्या, "तर मग—" पण 'समजा' या शब्दाने काकांचा चेहरा एवढासा झाला. "वहिनी, शंका घेऊ नका हो," लाँड्रीवाला म्हणाला, "माणूस मनापासून करतोय." सर्वांना भरून आलं. काकूंनाही आलं, आणि त्या गप्प बसल्या. नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून बाईने गिळलेल्या प्रश्नांची मोजदाद अजून कुठल्याही खात्याने केलेली नाही. इमारत अपुरी पडेल अशी भीती असावी.

चाचण्या तीन महिने चालल्या. गाडी विटांवर चढवायची, पेला काठोकाठ भरायचा, विटा काढायच्या. आणि मग दिवसभर दोघांनी दोन्ही बाजूंनी दाबत राहायचं. काकांनी एकूण नऊ हजार सहाशे उसळ्या मोजल्या. प्रत्येक उसळी आठ सेंटीमीटर वर आणि आठ खाली. म्हणजे गाडी पडवीतून इंचभरही पुढे न सरकता दीड किलोमीटरहून जास्त प्रवास करून आली होती. वाटेत तिला कुठलीही अडचण आली नाही, असं अहवालात नमूद आहे.

शेवटी रविवार ठरला. साहेबांना पत्र गेलं. ते खरंच आले. आता म्हातारे झाले होते, हातात काठी होती, पण चष्म्यावरून बघणं तेच. त्यांना गाडी येताना नीट दिसावी म्हणून लाँड्रीच्या दाराशी खुर्ची मांडली होती. (पाहुण्यांनी बसून बघणं इच्छेत बसत नव्हतं, पण काठी पाहून काका नरमले.) लाँड्रीवाल्याने त्या दिवशी एका वसतिगृहाच्या अठ्ठेचाळीस चादरी दोऱ्यांवर वाळत घातल्या होत्या. त्या पाठीमागे फार शोभून दिसत होत्या.

टाकीपाशी काका गाडीत बसले. काकूंनी त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"अहो, ऐका ना जरा. मला एक—"

"परत आल्यावर सांग गं," काका म्हणाले, आणि त्यांनी इंजिन चालू केलं. त्या आवाजात पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला आणि गेला. काकांना तो नुसता भेटला. दुसरा, तिसरा, पहिला गतिरोधक. माणसं दारांतून, खिडक्यांतून पेल्याकडे बघत होती. नऊ नंबरच्या खड्ड्यात चाक उतरलं, सोळाही स्प्रिंगा आपापलं काम करून पुन्हा जागेवर आल्या, आणि पेल्यातलं पाणी हललंही नाही. काकांच्या डोळ्यांत मात्र आलं. त्यांनी काढलेली गाडी, अख्खी, त्यांना घेऊन चालली होती. समोर साहेब काठीवर भार देऊन खुर्चीतून उठत होते. एकतीस वर्षांचं सगळं त्या एका मिनिटात फिटलं असं काकांना वाटलं, आणि त्यांनी पेडलवरून पाय उचलला.

गाडीने या गोष्टीची दखल घेतली नाही. उतार होता, ती तशीच निघाली, किंबहुना जरा खुशीत. काकांनी डाव्या पायाने खाली काहीतरी चाचपलं. तिथे पत्रा होता. उजव्या पायाने चाचपलं. तिथेही पत्राच होता. मग त्यांनी दोन्ही हॉर्न वाजवले. आणि मग, पाहणारे सांगतात, त्यांनी डावीकडे मान वळवून क्षणभर वाट पाहिली, भिंतीतली खिडकी उघडून कुणीतरी उरलेला कागद पुढे सरकवणार असल्यासारखी.

साहेब वयाच्या मानाने फार चपळ बाजूला झाले. गाडी खुर्ची घेऊन दोऱ्यांत शिरली, अठ्ठेचाळीसपैकी एकतीस चादरी तिने अंगावर घेतल्या आणि ती कपडे भिजवायच्या हौदात जाऊन शांत झाली. धक्का असा काही बसलाच नाही, हे काकांनी पुढे वारंवार सांगितलं. पेल्यातलं पाणी सांडलं नाही. उलट हौदातलं थोडं त्यात आलं.

काकू दोनशे चाळीस पावलं धावत आल्या. चादरी उलगडून त्यांनी नवरा बाहेर काढला. मानेपासून घोट्यापर्यंत एकेक हाड दाबून पाहिलं. सगळी जिथल्या तिथे होती. तेव्हा त्या हौदाच्या कट्ट्यावर बसल्या आणि रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "एवढंच विचारायचं होतं मला. तुम्ही ही थांबवणार कशी?"

काकांनी कानातला साबणाचा फेस पुसला. मग ओशाळून म्हणाले, "ब्रेक आठ नंबरमध्ये व्हायचे गं."

साहेबांनी अभिप्रायाची वही मागून घेतली आणि तीत दोनच शब्द लिहिले: "स्प्रिंग उत्तम."

समितीची तातडीची सभा दुसऱ्याच दिवशी झाली. घटनेची सर्व बाजूंनी छाननी करून असा निष्कर्ष काढण्यात आला, की गाडी निर्दोष असून लाँड्रीची भिंत आणि हौद अनावश्यक कडक आहेत. सबब त्या दोहोंना सोळा-सोळा स्प्रिंगा बसवाव्यात. लाँड्रीवाल्याने विरोध नोंदवला. काकू या सभेला नव्हत्या. त्या सकाळीच भंगारवाल्याकडून एक जुना ब्रेक घेऊन वेल्डरकडे गेल्या होत्या. तो एक तासात बसला. (इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही, म्हणून समितीच्या दृष्टीने तो अद्याप नाही.) आता काका रोज सकाळी टाकीपासून लाँड्रीपर्यंत येतात, डावा पाय दाबतात, गाडी थांबते, आणि दर वेळी ते काकूंकडे असे बघतात की जणू थांबणं हा त्यांनीच लावलेला शोध आहे.

वाचकहो, हसायला आमची हरकत नाही. पण सामानाची यादी वर दिलेली आहे. पेडल एक, हॉर्न दोन, सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. आपण ती वाचलीत आणि स्प्रिंगांपाशी गेलात. उतारही सांगितला होता. काकू आपल्यादेखत चार वेळा काही विचारू पाहत होत्या. चारही वेळा आपण त्यांना तिथेच सोडून पुढच्या ओळीवर गेलात, कारण आपल्यालाही पेल्यातलं पाणी बघायचं होतं. लाँड्रीवाल्याने राजीनामा दिल्यामुळे समितीत एक जागा रिकामी झाली आहे. आपला अर्ज आलेला आहे असं आम्ही धरून चालतो.