व्याह्यांची बाटली

"आमच्या पान्याले नावं ठेवाचं कामच नाई! सात पिढ्या याच नदीवर जगल्या!" पुंडलिकराव गरजले.

"जगल्या खऱ्या. पन अर्ध्या वेळ डबा घिऊनच पयत होत्या," विमलताई म्हणाल्या.

बायकोचा हिशेब चोख होता. नदीत वरच्या अंगाला म्हशी डुंबत आणि खालच्या अंगाला बाया पाणी भरत. पण पंचाईत निराळीच होती. कापसाचा भाव पडल्यापासून मुलींचे बाप शेतकऱ्याच्या घराकडे ढुंकूनही पाहत नव्हते. अशा दिवसांत कळंबच्या अपेक्षाने त्यांच्या रजतला पसंत केलं होतं! अडून बसले होते ते तिचे वडील. नानाजी म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क. स्वतःच्या सहीवरही शंका घेणारा माणूस! त्यांनी पाणी तपासायची, औषधाची पट्टी घातलेली बाटली धाडली, वर निरोप : "नदीचं पाणी भरून आणा. दिवसभर ठेवू. काळं पडलं म्हणजे जंतू. जंतू निघाले, तर सोयरीक मोडली!"

पुंडलिकरावांनी डोकं लढवलं. बाटली रिकामीच खिशात घालून सपत्नीक कळंब गाठलं, "हात धुतो" म्हणून नानाजींच्या न्हाणीत शिरले आणि त्यांच्याच नळाखाली बाटली भरून बाहेर आले! शहरातलं पाणी, काळं कायले पडते?

"बाटली ओली कशी?" नानाजींनी विचारलं.

"नदीचं पानी हाय नानाजी, उड्या मारते!"

बाटली शोकेसमध्ये बसली. पाहुण्यांना मुक्कामाचा आग्रह झाला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, आत नुसतं डांबर!

"अरे बापरे! हे पिता तुम्ही?" नानाजी ओरडले. "माझी पोरगी नाही द्यायची या गावात!"

अपेक्षाचे डोळे भरले. विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे पाहत होता. बोलावं तर अब्रू जाते, न बोलावं तर सून जाते!

"नानाजी," शेवटी ते पुटपुटले, "हे पानी... तुमच्याच नळाचं हाय."

नानाजींनी हातातला पाण्याचा अर्धा पेला हळूच खाली ठेवला. अपेक्षा गच्चीवर धावली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, टाकीले झाकणच नाही! आत कबुतराची पिसं तरंगून राह्यली!"

"तुम्ही मले फसवलं!" नानाजी व्याह्यांवर उखडले.

"फसवलं," पुंडलिकराव म्हणाले, "पन पोट तुमचं वाचलं!"

अपेक्षा खाली आली. "बाबा, आता जवळचीच तारीख धरा."

"काहून?"

"इथलं पाणी खराब निघालं. त्यांच्या गावचं अजून कोणी तपासलंय कुठं?"

नानाजी व्याह्यांकडे न बघताच म्हणाले, "मानपान काही नको. लग्नाला येताना टाकीचं झाकण तेवढं आणा!"