पणजोबांचं उकुलेले आणि जावई

नोरामावशीने पणजोबांचं उकुलेले, ती चार तारांची इवलीशी गिटार, भिंतीवरून उतरवून जावयाच्या हातात ठेवलं, तेव्हा काइपोला वाटलं, म्हातारीला ताप भरलाय. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली, पण त्या भिंतीखालच्या खुर्चीतसुद्धा त्याला कुणी बसू देत नसे. काइपो रस्ते खात्यातला माणूस, देह त्याच खात्याच्या रोलरच्या मापाचा. हा घरात वळला की काहीतरी फुटतं, हे सासूबाईंनी पहिल्याच रविवारी हेरलं होतं.

"धर नीट," मावशी म्हणाली. "त्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्या तामाशिरोकडे दे. म्हणावं, शनिवारसाठी नव्या तारा बसव."

"मी नेऊ?"

"मग काय पणजोबा येणारेत वरून? आणि जाताना हे मालासाडा टाकत जा. आधी लूर्डिसकडे, मग कार्मेनकडे, मग योशिकोकडे. गरम आहेत तोवर."

साखरेत घोळवलेले ते तळलेले गोळे तळावेत तर आमच्या गावात नोरामावशीनेच. त्या वासावर काइपो नरकातसुद्धा डबा पोचवून आला असता.

"आणि हे बघ, उकुलेले मागच्या सीटवर खिडकीशी ठेव. वर टॉवेलबिवेल टाकू नकोस, लाकडाचा श्वास कोंडतो."

काइपोने मान डोलावली. बारा वर्षांनी का होईना, सासूने विश्वास टाकला होता. त्याला अगदी भरून आलं.

आता शनिवारचं प्रकरण सांगायला हवं. हवाई बेटांवरच्या आमच्या पाईआ गावात, ज्यांचे पणजोबा पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून त्या पहिल्या बोटीने हातात छोटी गिटार घेऊन आले, अशी घराणी इतकी आहेत, की तेवढे पणजोबा खरंच चढले असते तर बोट बंदरातच बुडाली असती. बेटांवरचा असा एक नावाजलेला वादक नाही, ज्याला पहिलं गाणं आमच्याच गावातल्या कुणाच्या तरी काकाने शिकवलेलं नाही. काइपोकडचे हवाईयन लोक म्हणतात, तुम्ही आणलंत ते खेळणं. त्याचं वाद्य केलं आम्ही, नाव दिलं आम्ही, दरबारात नेलं आमच्या राजाने. या भांडणापायी गावात सोयरिकी मोडल्या आहेत. काइपोचीही मोडता मोडता राहिली.

या सगळ्यात नोरामावशीचं पारडं जड, कारण तिच्याकडे वाद्य होतं आणि वर एक फोटोही होता. वाइकिकीच्या किनाऱ्यावरचं हॉटेल, तरुण नोरा, दंडावर फुलांचे हार, हातात उकुलेले. मावशी तिथली गाजलेली वादक होती, असं गाव म्हणे. ऐकलं मात्र कुणीच नव्हतं. दुसऱ्याच्या वाद्याला ती हात लावत नसे आणि पणजोबांचं सुरात राहत नसे. यंदा गावच्या उकुलेले उत्सवाची अध्यक्ष झाली एडविना मेडेरोस. तिचेही पणजोबा अर्थात त्याच बोटीतले. तिने भर सभेत जाहीर केलं, "शनिवारी नोरा वाजवील, पणजोबांच्याच उकुलेलेवर. जरा बेसूर झालं तर झालं, आपण घरचेच आहोत." टाळ्या पडल्या. मावशी हसली, आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

तर काइपो निघाला. आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत आणि कुणाच्या दारून रिकाम्या पोटी निघत नाहीत. दाराशी चपला काढल्या की माणूस गेला कामातून.

"मी नुसता डबा द्यायला आलोय, लूर्डिसमावशी."

"मग उभा का? बस. भात झालाच आहे," लूर्डिस म्हणाली.

तिच्याकडे घेवड्याचं सूप झालं. कार्मेनकडे लसूण-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मटण झालं. तिसऱ्या घरी योशिकोने नूडल्स वाढल्या आणि तिच्या नवऱ्याने कपाटावरून आपलं उकुलेले काढलं. गाणं चालू असताना उठायचं नाही, ही आमची रीत. आणि योशिकोच्या नवऱ्याला कडवी संपवायची सवय नाही. या सगळ्या वेळात काइपोची गाडी काचा बंद करून भर उन्हात उभी होती.

काइपो ढेकर देत गाडीशी आला आणि त्याने मागचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. खिडकीशी पणजोबांच्या उकुलेलेची पाठ एकीकडे, पोट दुसरीकडे आणि मान मधेच आडवी पडली होती. चारी तारा मात्र शाबूत होत्या. काइपो तिथेच फुटपाथवर बसला. त्याला आधी बायको आठवली, मग सासू, आणि मग एकदम गावातले सगळे पणजोबा.

तामाशिरोकाकांनी ते तुकडे टेबलावर मांडून चष्मा वर केला. "गाडीत ठेवलं होतंस?"

"थोडाच वेळ."

"जुना गोंद आहे बाबा, जनावरांच्या हाडांचा. उन्हात त्याचा रस्सा होतो. पोरंसोरंही जाणतात हे."

"काका, हे जुळवा. हवं ते करा, दिसायला फक्त होतं तसं दिसू दे. आणि आईंना कळता कामा नये. सहा महिने मासे पोचवीन."

काकांनी मान हातात घेऊन उजेडात धरली. "या खुंट्या झिजल्यात. म्हणून सूर सरकायचे. बदलू?"

"बदला."

"आणि एक सांग. हे लाकूड कोआचं. कोआ उगवतो फक्त आपल्या बेटांवर. मग तुझे पणजसासरे हे बोटीतून घेऊन उतरले कसे?"

"काका," काइपो हात जोडून म्हणाला, "आहे तेवढं मोडलंय ते पुरे आहे."

तो आठवडा काइपोने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. रोज संध्याकाळी सासूबाई दाराशीच गाठत.

"तामाशिरोचा काही निरोप?"

"नाही, आई."

"काही... वाईट बातमी वगैरे?"

"छे हो. वाईट कशाला असेल?"

"नाही, जुनं वाद्य आहे. उन्हातून नेलंस. काही झालं असेल तर मोकळेपणाने सांग हो, मी रागावणार नाही."

सासू रागावणार नाही म्हणाली, म्हणजे तिला सगळं कळलंय, असं समजून काइपो आणखी घाबरला. रात्री तो झोपेत 'रस्सा, रस्सा' असं बरळला, तेव्हा बायकोने, मार्लिनने, उठून त्याला जेवायला वाढलं.

शुक्रवारी त्याने उकुलेले आणून सासूपुढे ठेवलं. सांधा कुठे दिसत नव्हता. मावशीने एक तार छेडली, मग दुसरी, मग चारी. खणखणीत सूर निघाला. मावशीचा चेहरा पडला.

"हे सुरात लागलंय," ती म्हणाली.

"हो, आई. खुंट्याही बदलून घेतल्या. आता महिनाभर हलायचं नाही."

"तुला कुणी सांगितले होते हे उद्योग?"

काइपोला वाटलं, या बाईपुढे चंद्र आणून ठेवला तरी ती त्यावरचे डाग मोजेल. तो फुरंगटून मागच्या अंगणात जाऊन बसला.

शनिवारी गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगमंचामागे मावशी उकुलेले मांडीवर घेऊन बसली होती, आणि सारखी मागच्या दाराकडे बघत होती. काइपो खुर्ची न्यायला आला.

"आई, बरं नाही वाटत का?"

"मला वाजवता येत नाही, काइपो."

"म्हणजे विसरलात?"

"विसरायला आधी यावं लागतं." मावशीने इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "हॉटेलच्या दाराशी मी फुलांचे हार विकायची. एका पाहुण्याने आपलं वाद्य हातात देऊन फोटो काढला. गावाने तो बघितला आणि मला वादक करून टाकलं. मी फक्त नाही म्हणाले नाही. आता ती एडविना समोर बसून माझं हसं करणार. मेले तरी लोक तेच बोलतील."

"मग आधी सांगायचं ना. मी ते तामाशिरोकडे..." काइपो थांबला. "आई, तुम्ही मला त्या तीन घरी का पाठवलंत?"

"त्या बायकांना काय मालासाडा मिळत नाहीत? पण एकेकीच्या दारी तास मोडतो, आणि गाडी उन्हात तापते," मावशी म्हणाली.

काइपोला संताप आला. आठवडाभराची झोप आणि सहा महिन्यांचे मासे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. "आणि आळ माझ्यावर?"

"मग कुणावर? तुझ्या हातून मोडलं म्हटल्यावर गावात कुणी दुसरा प्रश्न तरी विचारला असता का?" तिने डोळे पुसले. "सबंध घरात त्या कामाला तूच एक भरवशाचा होतास. आणि तू मेल्या ते जुळवून आणलंस."

बाहेर एडविनाचा आवाज चढला होता. "आणि आता, वाइकिकी गाजवणारी आपली नोरा..."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मावशी उठली. काइपोने तिच्या हातातून उकुलेले काढून घेतलं, दुसऱ्या हातात खुर्ची उचलली आणि तो पुढे झाला. मावशीची मान वर उठेना. ती त्याच्या मागे चालत राहिली.

रंगमंचाच्या मध्यावर त्याने खुर्ची मांडली आणि मायक्रोफोन नीट करायला हात मोकळे हवेत म्हणून उकुलेले खुर्चीवर ठेवलं. पहिल्या रांगेत त्याच्याच खात्याची माणसं बायकापोरांसह बसली होती. त्याने मायक्रोफोन खाली केला, वर केला, सासूकडे एकदा बघितलं, आणि खुर्चीत बसला. अगदी ऐसपैस, पाठ टेकून बसला.

तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मग जो गलका झाला, त्यात काइपोच्या सात पिढ्यांचा उद्धार तीन भाषांत झाला. मावशी दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडत होती. इतकी सुटका तिला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती. लोकांना तो शोक वाटला. एडविनाचेही डोळे भरून आले. तिने मावशीला मिठी मारली, जावयाकडे जळजळीत बघितलं आणि सभेला दोन मिनिटं उभं राहायला लावलं.

ते तुकडे आता सभागृहात काचेच्या पेटीत आहेत. गंमत अशी, की नोरामावशीचं वादन ऐकलेले लोक गावात वाढत चालले आहेत. खुद्द एडविना सांगते, लहानपणी खिडकीखाली उभी राहून ऐकायचे, तसा हात पुन्हा होणे नाही. काइपो समारंभाला गेला, की लोक आधी आपापली वाद्यं उचलून घेतात आणि मगच त्याला खुर्ची देतात.

पण दर रविवारी कढईतला पहिला मालासाडा त्याच्या बशीत पडतो. परवाही पडला. मावशी समोर बसली.

"वर्गणी काढलीये म्हणे गावाने," ती म्हणाली. "मला नवीन उकुलेले देणारेत. कोआचं. एडविना म्हणते, भर सभेत देऊ आणि तिथेच वाजवून घेऊ."

काइपोचा घास थांबला.

"नवीन लाकूड भक्कम असतं का रे?" मावशीने विचारलं.

काइपोने थोडा विचार केला आणि बशी पुढे सरकवली.

"वाढा अजून दोन."